डोळे मिटून वर केलेला हात

बाबा, आज आमच्या चर्चच्या मंडळीत मतदान होतं. छापील चिठ्ठ्या, कुलूप लावलेली पेटी. घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट बोलायची राहूनच गेली आहे.

सौंसरची आपली मंडळी म्हणजे पस्तीस-चाळीस माणसं, आणि तुम्ही त्यांनी निवडलेले 'वडील', म्हणजे मंडळीचे प्रमुख. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील म्हणूनच तुम्ही सगळ्यांचे वडील. उपासना चालवणारा पाळक नेमायचा, लग्न ठरवायचं, कुणाला समज द्यायची, सगळं मंडळीच ठरवायची. मी शाळेत नोकरीला लागले त्या वर्षी मैत्रिणीबरोबर जामसांवलीला गेले, मारुतीचा प्रसाद खाल्ला, आणि रविवारी भर उपासनेत तुम्ही मला उभं केलंत. माफी मागायला लावलीत. घरी चुलीपुढे रडत बसले तेव्हा म्हणालात, "घरी मी तुहा बाप होय. तिथं वडील. मंडळी म्हनन तेच मले म्हना लागते." तो न्याय मला तेव्हा पटला नाही. आजही आठवलं की राग येतो.

पुढच्याच साली नागपूरच्या चर्चच्या मोठ्या ऑफिसचं पत्र आलं: मंडळीने आमच्या अधिकाराखाली यावं, पाळक आम्ही पाठवू, निर्णय आम्ही घेऊ. तुमचा जीव तुटत होता. "नागपुरात बसून त्याईले सौंसरचं काय दिसन?" असं घरोघर सांगत फिरलात. मला मात्र तेच हवं होतं. दूरच्या साहेबाला मी कुठला प्रसाद खाल्ला ते दिसणार नव्हतं.

आपली रीत अशी, की सगळ्यांनी डोळे मिटायचे, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करायचा आणि वडिलांनी एकट्याने मोजायचं. माना खाली आहेत, पंखा कुरकुरतोय, तुम्ही बाकामागून बाक मोजत येताय. एका हाताच्या फरकाने ऑफिस जिंकलं. तो हात तुम्ही गाळला असता तर कुणाला कळलं असतं? घरी जाताना संत्रं सोलून नेहमीसारखं अर्धं मला दिलंत. "यंदा संत्र्याचा बार चांगला येऊन राहिला," एवढंच बोललात.

मग पाळक येत राहिले, बदलून जात राहिले. तुम्ही गेलात तेव्हा सौंसरला पाळकच नव्हता. पांढुर्ण्याचा पाळक म्हणाला, ऑफिसच्या पत्राशिवाय माती देता येणार नाही. मंडळीच्या हाती असतं तर दुपारपर्यंत कबर खणून झाली असती. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बर्फाच्या लादीवर, आणि मी नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक बसला स्टँडवर उभी. शेवटी पत्र आलं. त्यात तुम्ही 'सदर सभासद' होतात.

हे पत्र टाकणार तरी कुठे? तुमच्या पवित्र शास्त्रात ठेवून देईन. तुम्हाला वाटलं असेल, पोरीने रागाच्या भरात, डोळे मिटून हात वर केला. बाबा, माझे डोळे उघडे होते. मोजता मोजता तुम्ही माझ्यापाशी थांबलात, ते मी पाहिलं. हात खाली घ्यायला वेळ होता. मी घेतला नाही.