राईला वळसा

दोडामार्गाजवळ, रानातून
१६ जानेवारी २०२६

तीर्थरूप आबांना अंगदचा पाया पडून नमस्कार.

तिकडं तुमी, माय, सुकन्या आन् बैल खुशाल असतील असं धरून लिहितो. मी हितं बरा हाय. पाय तेवढे ओले हायत, ते डिसेंबरपासून वाळलेच न्हाईत. सुकन्ये, तूच वाचून दाखवशील. मधलं काही गाळू नको, आन् मी मार खाण्यासारखं लिहिलंय तिथं मुद्दाम आवाज वाढवू नको.

फोन का केला न्हाई म्हणाल. तीनदा केला की! तुमी "हां, ठेव" म्हणून ठेवलात. कागदाला ती सोय न्हाई.

हितलं सांगतो. लोक मला घाटी म्हणतात. मी म्हणलं, खरंय, बालाघाटातलाच हाय मी. भात तीन टायमाला. भाकरी मागितली तर तांदळाची देतात, पांढरीफेक, आजारी माणसासारखी. पण माणसं लई मायाळू, शिव्या देऊन जेवायला बसवतात.

काम लाकडाचं. चंद्रभागाबाई म्हणून एक म्हाताऱ्या हायत, रान त्यांच्या मालकीचं. डोंगराच्या उतारावर त्यांची चाळीस झाडं वनखात्यानं शिक्का मारून तोडायला दिलीत. त्यातूनच त्यांच्या घराचं नवं छप्पर व्हायचंय, पावसाच्या आत. बंकट मुकादमानं ठेका घेतला, आन् मी त्याचा ट्रॅक्टरवाला.

आता घोळ असा, की उतार आन् सडक यांच्या मधी राई हाय. आबा, तुमी असलं रान बघितलं नसंल. बाराही महिने घोटाभर पाणी, भर दुपारी अंधार, आन् झाडांची मुळं चिखलातून वर येऊन गुडघ्यागत वाकलेली. पहिल्यांदा बघितलं तर वाटलं, शंभर म्हातारे उकिडवे बसून तंबाखू मळतायत. त्या चिखलात माझा ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी रुतला. बंकट म्हणला, "काय पण कर बे, वाट काढ."

मी काढली. डोकं चालवलं. (सुकन्ये, हितं हसू नको.) म्हणलं, पाण्यानं चिखल होतोय, तर पाणीच सोडून द्यावं. कुदळ घेतली आन् दोन दिवसांत खालच्या अंगाला पार ओढ्यापर्यंत कमरेइतका खोल चर खणला. तिसऱ्या दिवशी राईत पाणी न्हाई. मी बंकटकडून भजी पण खाल्ली त्याबद्दल.

चौथ्या दिवशी चंद्रभागाबाई काठी टेकत आल्या. राईच्या खाली त्यांची सुपारीची बाग हाय, तिचा पाट कोरडा पडलेला. वाडीची विहीर हातभर खाली गेलेली. बाईंनी चर बघितला, मग मला बघितलं.

"मेल्या, ह्या काय केलंस?"

"पाणी काढलं काकी. आता चिखल वाळंल."

"खयचो रे तू?"

"बीडचा."

बाई हसायलाच लागल्या. "टीव्हीत हंडे घेऊन रांगेत दाखवतत, ता बीड?" मग हसू गेलं. "आणि तू पाणी सोडून दिलंस?"

आबा, तुमी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

मागोमाग वनरक्षक ताई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी काम थांबवलं, आन् मला राईत हिंडवून एकेक दाखवलं. ही झाडं त्या गुडघ्यांनी श्वास घेतात. त्यांचं बी कोरड्यात रुजत न्हाई, ओल्या चिखलातच रुजतं. राई म्हणजे भिजलेली गोधडी. पावसाळ्यात पाणी पिते आन् उन्हाळाभर थोडं थोडं खाली सोडते. वरची शिक्क्याची झाडं खुशाल तोडा म्हणाल्या, पण राईत कुऱ्हाड न्हाई, तिच्या कडेच्या तीस पावलांत न्हाई, आन् मशीनचं चाक तर अजिबात न्हाई.

चर मीच बुजवला. तुमी वरच्या वावराचा फुटलेला बांध कसा घातलता ते डोळ्यापुढं आणलं. आधी मोठे दगड, मग बारके, मग चिकण माती, आन् वरून तुडव तुडव तुडव. चार दिवस एकटाच नाचत होतो. पाचव्या दिवशी पाणी घोट्याला लागलं, तवा मी अशी शिट्टी मारली की वानरं पळाली. बागंचा पाट आता वाहतोय.

पण तोडलेली चाळीस झाडं अजून वरच पडून हायत. राईला वळसा घालून एक पायवाट हाय, तिथं ट्रॅक्टर वळत न्हाई. बैल वळतील. एकेक ओंडका साखळीनं ओढून आणायचा. चंद्रभागाबाईंची जोडी हाय, चिखलात नांगराला चांगली, पण ओंडका मागं खरडला की दोघं दोन दिशेला पळतात. काल मला सुपारीच्या बागंत नेऊन आपटलं. बाई म्हणल्या, "सुपाऱ्या पाडूक मी सांगितलेलं नाय."

एक फेब्रुवारीपर्यंत पहिला ओंडका सडकेला लागला न्हाई, तर दुसरा ठेकेदार टपून बसलाय. तो म्हणतो, राईत मुरूम टाकून सरळ रस्ता करतो, कागदपत्रं मी बघतो. बाईंना ते नको हाय. पण छप्पराशिवाय पावसाळा काढायचं त्यांचं वय न्हाई. मग त्या हो म्हणतील. आन् मी दोन दिवस चर खणून जे केलं, ते तो एका सकाळी करंल, आन् परत बुजवता येणार न्हाई.

मला बैल हाकता येतो, शिकवता येत न्हाई. तुमी गोऱ्ह्यांना शिकवत होता तवा मी बांधावर मोबाईल बघत होतो. तुमी आधी मागं नुसती तुराट्यांची पेंढी बांधायचा, मग लहान लाकूड, हे आठवतं. पण त्यांच्या कानाशी काय बोलायचा ते मी कधी ऐकलंच न्हाई.

आता ज्यासाठी एवढे कागद घालवले ते लिहितो. सुकन्ये, हे हळू वाच.

नेकनूरच्या बाजारात चार माणसांत मी तुमच्यादेखत म्हणलो, या बैलांना आन् बापाला एकाच दावणीला बांधा, दोघांचा जमाना गेला. तुमी वळून जनावरांना पाणी पाजायला गेलात. मी तिथूनच गाडीत बसलो. तवापासून रोज ते वाक्य माझ्याच तोंडात येतं. ट्रॅक्टर चिखलात बसलाय म्हणून हे लिहीत न्हाई. तो बसला नसता तरी मी चुकीचाच होतो. माफ करा आबा.

आन् अजून एक केलंय. वनरक्षक ताईंनी विचारलं, बैल शिकवणारं माणूस कुठून आणणार? मी छाती काढून बोललो, "माझा बाप येईल." तुमाला न विचारता. बाईंनी तुमच्यासाठी पडवीत जागा झाडून ठेवलीय, आन् ज्वारीचं पीठ कुठून तरी मिळवलंय. बीडहून कोल्हापूर गाडीला बसा, पुढं सावंतवाडी. मी अठ्ठावीस तारखेपासून तिथल्या स्टँडवर थांबतो, तीन दिवस, येणारी प्रत्येक गाडी बघत.

उतरल्या उतरल्या पहिल्यांदा मला रागवा, लोकं बघत असली तरी रागवा. नंतर कामाला लागू.

तुमची वाट बघणारा, आन् यावेळी कुठं न पळणारा,
अंगद