राखीव म्हणजे बसून खाणारा नव्हे

लिमरिक, रविवार

तीर्थरूप बाळासाहेब दाजी यांस,

धाकट्या मेव्हणीचा, स्नेहलताचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची साखर उतरली का? (तिला म्हणावं, प्रसादाचा पेढा झाला तरी तो पेढाच.) इकडं आम्ही बरे आहोत. माझ्या लेकीला, नीलिमाला, दवाखान्यात ड्यूटीवर ड्यूटी. नात ईशानी सहाची झाली, मी कितीही ओरडले तरी "ग्रँड, आजी" म्हणते (इथं ग्रँड म्हणजे ठीक, बरं) आणि निघून जाते. पाऊस आहेच. विचारपूस झाली, आता मुद्द्याचं. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. कागदाला मधेच तोडता येत नाही. चौथी शिकलेली आहे, काना-मात्रा समजून घ्या.

परवा तुम्ही फोनवर सिद्धांतला, पोटच्या पोराला म्हणालात, राखीव म्हणजे बसून खाणारा, घराण्याची अब्रू घालवतोस, या महिन्यात खेळाचे कपडे परत कर आणि गुमान पीएचडी कर. पोरगं तुमच्यापुढं हो म्हणालं आणि त्या दिवशी माझ्या हातची आमटी तशीच ठेवून उठलं. ते मला लागलं. आधी खेळ काय आहे ते तरी ऐका. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध थोडा. अमेरिकेचा खेळ, इथल्या कॉलेजातली पोरं हौसेनं खेळतात. चेंडू सोललेल्या नारळासारखा, दोन्हीकडं टोक. सगळे एकमेकांच्या अंगावर धावतात आणि मधे एकटा उभा राहून जो हुकूम सोडतो आणि तो नारळ लांब फेकतो, तो क्वार्टरबॅक. म्हणजे कारभारीच. कारभारी एकच असतो, पण पाठीमागं राखीव ठेवावे लागतात, कारण सगळ्यात जास्त मार तोच खातो. पहिला कॉनर. त्याच्या मागं आपला सिद्धांत दुसरा, आणि ओशीन म्हणून एक विजेच्या खांबाएवढा पोरगा आहे तो तिसरा.

दर शनिवारी मैदानाच्या कडेला जेरी आणि मोरीन खुर्च्या टाकून बसतात. जेरी रिटायर पोस्टमन, मोरीनचं मटणाचं दुकान होतं. त्यांचा वाद एकच, कॉनर यंदा पास होऊन गेला की पुढचा कारभारी कोण. जेरी म्हणणार ओशीन, उंची बघा. मोरीन म्हणणार सिद्धांत, डोकं बघा. जेरी म्हणणार, डोकं ग्रँड आहे, पण ते बाकीच्यांच्या खांद्यावरनं दिसायला तर पाहिजे! (माझ्यासमोर. मावशी बसलीय याचं काही नाही.) नीलिमा मला मराठीत सांगायची आणि माझं रक्त उकळायचं. पण दाजी, मी तुमच्या घरी सहा निवडणुका बघितल्यात. पारावर बसून जे दोघं-तिघं वाद घालतात, तेच उमेदवार ठरवतात, हे मला कुणी शिकवायला नको. मी प्रचाराला लागले. सहा शनिवार पुरणपोळ्या. जेरीला दोन, मोरीनला दोन, जेरीच्या कुत्र्याला अर्धी. तिसऱ्या शनिवारी जेरी म्हणाला, पोरगा तसा बुटका वाटत नाही. पाचव्या शनिवारी ओशीनचं नाव त्याच्या तोंडातनं गेलं. मी मनात गुलाल उधळला.

सहाव्या शनिवारी नीलिमाला पुढं घालून मी थेट त्यांच्या कोचला गाठलं. म्हटलं, पंचमंडळ आमच्या बाजूनं आहे, आता यादी कधी लावता? कोच म्हणाला, कुठलं पंचमंडळ? मी बोट दाखवलं. त्याला त्या दोघांची नावंसुद्धा माहीत नव्हती! जेरी कुत्रं फिरवायला येतो आणि मोरीन जेरीशी भांडायला. मी जाऊन खडसावलं, आधी का नाही बोललास? जेरी ओठाचं तूप पुसत म्हणाला, तुम्ही विचारलंच नाही. (आता त्याला नुसता चहा. मोरीनला चालू.)

आता काल काय झालं ते वाचा, आणि बसून वाचा. शेवटचा सामना. आपण वीस गुणांनी मागं. कॉनरचा अंगठा दुखावला. कोचनं हात केला आणि सिद्धांत उठला. त्यानं टोप घातला, दाजी, आणि ती आडदांड पोरं त्याच्या भोवती गोल करून उभी राहिली, मान खाली घालून, तो सांगेल ते ऐकायला. तुमच्या शब्दाला गावात असा मान आहे का, खरं सांगा! पहिला चेंडू मातीत गेला. दुसऱ्या वेळी एक रेडा त्याच्या अंगावर आला, हा तसाच उभा राहिला आणि चेंडू चाळीस पावलं लांब टाकला. आपल्यातल्या एकानं झेलला! थोड्या वेळानं परत तेच. जेरी खुर्चीवर उभा राहिला, कुत्रं भुंकायला लागलं, मी काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही. सामना हरलो, सहा गुणांनी. पण घरचा माणूस वीसचे सहा करतो तेव्हा हरलो म्हणायला जीभ वळत नाही. कोचनं त्याला विचारलंय, पुढच्या वर्षी कारभारी होतोस का. गुरुवारपर्यंत सांगायचंय.

आणि अब्रूचं म्हणाल, तर तुम्ही सरपंच कसे झालात? प्रतापअण्णांच्या अर्जाला संडासाचा दाखला नव्हता, छाननीत अर्ज उडाला, आणि डमी म्हणून भरलेला तुमचा अर्ज वर आला. तेव्हा कुणी म्हणालं का तुम्हाला बसून खाणारा? मिरवणुकीत मी नाचले होते.

अक्काला पोरासाठी देवाकडं आशीर्वाद माग म्हणून सांगा, तुम्ही स्वतःचा पाठवा.

तुमची,
स्नेहलता

ता. क. पोरगं तुमच्यापुढं तोंड उघडणार नाही. तुम्हीच बुधवारी त्याला फोन करा आणि खेळ म्हणा. मी सांगितलं असं सांगू नका. नीलिमा या पत्राचा फोटो काढून अक्काच्या फोनवर धाडतेय, तेव्हा पोचलं नाही म्हणू नका. परत करायला बांधलेले कपडे मी माझ्या पलंगाखाली सरकवलेत. तो घरभर शोधतोय.

दुसरी ता. क. खोटं लिहून झोप येईना. सिद्धांत दुसरा नव्हता, तिसराच होता. दुसरा ओशीन, तो काल बहिणीच्या लग्नाला गेला होता. पण यावरनं आवाज चढवू नका. प्रतापअण्णांच्या मागं पहिला डमी तुम्ही नव्हता, वेगळाच माणूस होता, त्याला तिसरं मूल निघालं म्हणून त्याचाही अर्ज उडाला. तुमचा नंबर त्याच्यानंतरचा.