सायीचा नमुना आणि उडालेलं बूच

चि. धाकट्यास,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. रागात असलास तरी ठेवून घे, आशीर्वाद परत पाठवायची सोय नाही. तुझी सर्दी, भावजयीचे गुडघे आणि तांबड्या गाईचं लंगडणं कसं आहे ते कळव. (चौकशी वयाच्या क्रमाने केली आहे. गाय शेवटी आली, यावरून रुसू नये.)

डेअरीने चीजसाठी तुझं दूध घेणं थांबवलं, तुझा चढा भाव गेला आणि त्या कागदावर दूध तपासणारी म्हणून सही माझी, म्हणून तू अबोला धरलास. सख्ख्या बहिणीने पोटावर पाय दिला, असं सगळीकडे सांगत फिरतोस म्हणे. आता नीट वाच, मध्ये बोलू नकोस. (पत्राचा हा मोठा फायदा.) काही जंतू अडचणीच्या वेळी टणक कवच घालून बसतात, त्यांना बीजाणू म्हणतात. दूध कडक तापवलं की बाकीचे जंतू मरतात, हे महाशय तसेच. चहाच्या दुधात ते गप्प असतात. पण चीज मुरायला ठेवलं की आत जागे होऊन वायू सोडतात, आणि अख्खा गोळा फुगून तडकतो. हे मी जेवताना ह्यांना समजावलं, तर म्हणाले, "उकळलं तरी मरत नाही आणि निवलं की पुन्हा डोकं वर काढतं? तुझ्या माहेरचंच कोणी दिसतंय!" मी वाढायचं थांबवलं.

आमची परीक्षा साधी आहे. दूध नळीत घालून तापवायचं, वर वितळलेलं मेण ओतून बूच बसवायचं आणि नळ्या उबेला ठेवायच्या. आत वायू झाला की बूच वर सरकतं. बुचाला नातीगोती कळत नाहीत. (आमच्या खोलीत असं दुसरं कोणी असेल तर ती मी.) तुझी बुचं सरकली. तरी मी पुन्हा नमुना मागवला आणि कच्चं दूध पाठव म्हणून निक्षून सांगितलं. बाटली उघडते तो वर बोटभर साय! अरे, कच्च्या दुधावर अशी साय धरलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. जंतू मारायला तू दूध खदखदा उकळलंस! त्याने बीजाणूंचे शेजारी तेवढे मेले, घर मोकळं झालं, आणि नळीत ऊब लागून हे अधिकच हुशार झाले.

परिणाम असा, की व्यवस्थापक बड्या गिऱ्हाइकांना आमची खोली दाखवत असताना तुझं बूच फट्‌कन उडालं आणि त्यांच्यातल्या एकाच्या चहात पडलं. मागोमाग वास. पाहुणे सभ्य, आधी त्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून व्यवस्थापकांकडे. मी पुढे होऊन बीजाणूंची सगळी हकिगत सांगितली. दूध कोणाचं ते मात्र सांगितलं नाही. तेवढी बहीण मी आहे.

दोष गाईंचा नाही, तुझ्या चिकटपणाचा आहे. खड्ड्यात मुरवलेल्या चाऱ्यातला कडेचा काळा पडलेला मुरघास फेकायचं तुझ्या जिवावर येतं. तो गाईंच्या पोटात जातो, बीजाणू शेणात उतरतात, शेण कासेला लागतं आणि तू कास न धुता धार काढतोस. तो मुरघास फेक. कास धू, स्वच्छ फडक्याने कोरडी कर. थोडे दिवस जाऊ देत, मग मी स्वतः गोठ्यात उभी राहून नमुना घेईन. बुचं जागची हलली नाहीत, तर तुझं दूध पुन्हा सुरू करायच्या कागदावरही सही माझीच असेल.

तुझी,
ताई

ता. क. रागाच्या भरात आमचा घरचा दुधाचा कॅन बंद केलास, तो सुरू कर. विकतच्या दुधाचा चहा पिताना हे माझ्याकडे असे बघतात, जसं काही पाणी मी घातलंय. येताना रिकामा कॅन आणीन. तू दारात हवास, गडी नको.

आणखी एक. त्या नमुन्यावरची साय नळीत मावत नव्हती. मी साखर घालून खाल्ली. (नियमात बसत नाही, पत्र फाडून टाक.) पुढचा नमुना कच्चाच दे. उकळलेलं वेगळं ठेव.