मागची टेकडी

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे. घर बघून बायको चक्क खूश झाली, आणि तिला खूश करणं म्हणजे काय असतं ते माझं मलाच ठाऊक. आम्हाला खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वतंत्र स्वयंपाकघर दिलंय. नळाला गरम पाणी येतं, खिडक्या मोठ्या आहेत, मागे गवताची छान टेकडी आहे. बॅगा उघडायच्या आधी तिने कपाटात बोट फिरवून धूळ आहे का बघितलं. नव्हती. तरी कपाट पुसलंच.

वर एक लांबलचक खोली, आणि खोलीभर साहेबांची खेळण्यातली आगगाडी. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही, हे आज पहिल्याच वाक्यात कळलं. साहेब रेल्वेतले मोठे अधिकारी होते, आता निवृत्त. रूळ, सांधे, सिग्नल, फलाट सगळं स्वतःच्या हाताने केलंय आणि खरंच देखणं केलंय. पण भोवती नुसतं उघडं लाकूड. डोंगर, झाडं, रस्ते, घरं हे त्यांना जमत नाही, म्हणून मी. सगळी हयात असले देखावे करण्यात गेली, त्यामुळे मी फार भाव न खाता होकार दिला होता. काम मजेशीर आहे. हेच घर, हीच मागची टेकडी, समोरून जाणारी गाडी. खिडकीतून बघायचं आणि टेबलावर उतरवायचं. महिनाभर नुसती चैन!

साहेब मात्र एरंडेल प्यायल्यासारखे. मी हात पुढे केला तर त्यांनी तो नुसता बघितला.

७ फेब्रुवारी

जाळी वाकवून टेकडीचा उतार उभा केला आणि त्यावर प्लास्टरात बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या. वाळल्यावर मातकट रंगाचा हात दिला. मग पांढरा गोंद पाण्यात पातळ करून, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसला तर गोंद पसरत नाही, रुसून एका जागी बसतो. त्यावर चाळलेली माती आणि हिरवा रंगवलेला भुसा. झाडांना वाळक्या गवताचे तुरे आणि स्पंजाचा चुरा. बायको शेजारी बसून चुरा करत होती आणि झाडं खराट्यासारखी दिसतात असं अधूनमधून सांगत होती.

टेबल अरुंद आहे आणि दाखवायचं आहे मैलभर. त्याला आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. मागे जाल तसं सगळं लहान करत जायचं, आणि रंग फिके, निळसर करत जायचे. फलाटावरचा माणूस नखाएवढा असेल तर टेकडीवरचा तांदळाच्या दाण्याएवढा. मग दोन हातांवरची टेकडी खुशाल मैलभर लांब वाटते. साहेबांना हे सांगायला गेलो तर म्हणाले, मला शिकवू नका.

टेकडीचा माथा तेवढा त्यांनी आधीच करून ठेवलाय, पोत्यासारखा ओबडधोबड. त्यावर तांदळाएवढी काही माणसं चिकटवलीत. एक छत्रीवाली बाई, एक काठीवाला म्हातारा, आणखी एकदोन. त्यांना हात लावायचा नाही म्हणे. आणि फलाटावर माणूस लावायचा नाही. मी कारण विचारलं. म्हणाले, माणसं लांबूनच बरी दिसतात.

१० फेब्रुवारी

इथले लोक भलतेच तुसडे. दुकानदाराला साहेबांच्या घराचं नाव सांगितलं तर त्याने सामान हातात न देता काउंटरवरून ढकललं आणि पाठ फिरवली.

खऱ्या टेकडीवरही ती छत्रीवाली आहे! काठीवाला म्हाताराही. साहेबांनी नमुना त्यांच्यावरूनच घेतला असणार. सकाळपासून दोघं तिथेच उभी राहून आमच्या घराकडे बघतात. मी खिडकीतून हात हलवला. तिने दोन्ही हातांनी आम्हाला हाकललं, कावळे हाकलतात तसं. बायको म्हणाली, बघा, तुमची कीर्ती इथपर्यंत पोचली.

१३ फेब्रुवारी

आज तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब काम बघायला आले होते. मी टेकडीबद्दल बोलत होतो आणि बायको मध्येच म्हणाली, ही टेकडी कुठली, हा तर दोरीवर वाळत घातलेला टॉवेल. गिऱ्हाइकासमोर! वर म्हणते, खरं ते बोलले. साहेब हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि तेही तिच्याकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, चार हात लांब ठेवा की त्यांना.

रात्री जेवताना मी मिठाची गुळणी धरून बसलो. तिला त्याचं काहीच नाही. तिची टकळी चालूच.

१४ फेब्रुवारी

राग उतरवायची आमची रीत निराळी. तारेला पुट्टी लावून मी बायको केली. तांदळाएवढी. तोच लाल स्वेटर, तोच कमरेवर ठेवलेला हात. भिंगाखाली अर्धा दिवस गेला, पण हुबेहूब झाली. दिली माथ्यावर बसवून, छत्रीवालीच्या शेजारी. बस म्हटलं तिथे आणि काढ टेकडीला नावं.

साहेब मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. माझा गोंद त्यांना कच्चा वाटला. त्यांनी स्वतःचा आणून दिला, काळसर, उग्र वासाचा.

१६ फेब्रुवारी

घरात काय शांतता आहे! दोन दिवसांत एक टोमणा नाही. बोलते, पण शेजारच्या घरातून ऐकू यावं तसं. मी हूं हूं करत पेपर वाचून काढला. काम झपाट्याने होतंय. खडी पसरून झाली, बोगद्याचं तोंड काजळून झालं.

१८ फेब्रुवारी

तिला म्हटलं, स्वेटरचा रंग गेला, कशात धुतलास? तिने काहीतरी उत्तर दिलं. ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं तर ओरडली, तुम्ही इतक्या लांब जाऊन का बसलात?

मी तिच्यासमोरच बसलो होतो. टेबल तेच होतं. पण भाजीचं भांडं घ्यायला हात पुढे केला आणि तो पोचेना. उठून जावं लागलं.

१९ फेब्रुवारी

दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायला आज मला दम लागला. ती ओट्याशी उभी. चालतोय, चालतोय, आणि ती तेवढीच लहान. चेहरा निळसर. मी जो रंग मागच्या झाडांना दिला तोच, मला ओळखू येणार नाही का? पांढऱ्यात निळ्याचं टोक.

हसत हसत सांगायचं ठरवून साहेबांकडे गेलो. हसू फुटेना. त्यांनी विचारलं, स्टेशनचं छप्पर कधी होणार?

२० फेब्रुवारी

ती घरात नाही. टेकडीवर आहे. छत्रीवालीच्या शेजारी, कमरेवर हात ठेवून. हाका मारल्या. तिने मान वळवली. धावत सुटलो, मागच्या दारातून, गवतातून, छाती फुटेपर्यंत धावलो. मागे वळून बघितलं तर दार तिथेच, पाठीला लागून. टेकडी आहे तिथेच.

साहेब दारात उभे होते. शांतपणे सांगितलं त्यांनी. छत्रीवाली त्यांची बहीण, काठीवाला थोरला भाऊ. फार बोलायचे म्हणे. फार जवळ यायचे. मी त्यांची गचांडी धरली. ते म्हणाले, मी कुठे काय केलं? चिकटवलीत तुम्ही.

खरं आहे. मी केलं. एका टॉवेलच्या टोमण्यासाठी.

२१ फेब्रुवारी

लिहवत नाही. तरी लिहितो.

तिला काढून पुढे आणायचं, एवढं साधं डोक्यात होतं. तो गोंद सुटेना. पात्याने खरवडलं. सुटली, पण पावलाचं टोक माथ्यावरच चिकटून राहिलं. तशीच उचलून पुढे, घरासमोरच्या फलाटावर ठेवली.

खालून किंकाळी आली. बारीक, शिट्टीसारखी. धावलो. स्वयंपाकघरात होती ती, जवळ, अगदी जवळ. माझ्या गुडघ्याएवढी. मूर्ख मी! लहान केलेली वस्तू मागे असते तोवर लांब वाटते. पुढे आणली की ती नुसती लहान. हे पोरालाही कळतं, आणि मी हेच विकून पोट भरलं.

फरशीवर रक्त होतं. तिने वर माझ्याकडे बघितलं आणि टेबलाखाली पळाली. मला भ्यायली. मला!

वर जाऊन परत माथ्यावर लावली. दुसरं काय करणार होतो?

२२ फेब्रुवारी

दुसरी केली, मोठी. नखाएवढी, फलाटावर शोभेल अशी. स्वयंपाकघरात आली, पूर्ण उंचीची, लाल स्वेटर. मी रडलो. ती हसत होती. तिला सगळं सांगितलं, ती हसत होती. पाय धरले, हसत होती. मी रंगवलं तेवढंच हसू. पापण्या लवत नाहीत. मी रंगवल्याच नव्हत्या.

खिडकीतून वर बघितलं. खरी तिथेच होती, एका पायावर. ती हे सगळं बघत होती.

चिमट्याने चिरडली ती दुसरी. त्याबद्दल लिहिणार नाही.

२३ फेब्रुवारी

आता एकच उरलं. स्वतःला केलं. तांदळाएवढा. चष्मा, टक्कल. टक्कल तिला आवडत नाही, तरी केलं. नाहीतर म्हणेल कुणाला पाठवलंत.

साहेब बघत होते. अडवलं नाही. गोंदाची बाटली स्वतः उघडून दिली —

२४ फेब्रुवारी

पोचलो!

स्वेटर लाल आहे. लालभडक! इथे सगळ्यांचे रंग शाबूत आहेत. पुरती माझ्या उंचीची आहे ती. पावलाला रुमाल बांधलाय. आधी एक थोबाडीत दिली, मग जी सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. कोण होती ती बया स्वयंपाकघरात? मला पात्याने खरवडायला काय मी तव्याला लागलेली भाकरी आहे? बोल म्हटलं. बोल, बोल. इतकं गोड मी जन्मात ऐकलं नव्हतं.

घर तिकडे खाली, काड्यापेटीएवढं. जायचं नाही तिकडे आता.

बाकीचे बोलत नाहीत. छत्रीवाली तेवढी बोलली, आणि तीही चिडून. म्हणाली, हाकलत होते ना मी तुम्हाला? आता गप्प राहा. आवाज खालपर्यंत जातो. त्याला आवाज चालत नाही.

बायको म्हणाली, आम्ही आमच्या घरात गप्प बसलो नाही —

२५

वरच्या खोलीची खिडकी उघडली. साहेब. एवढ्या लांबून, तरी केवढे! देखावा निरखतायत. मान तिरकी. ओळखतो मी ती मान, गिऱ्हाइकाची. मागचं जास्त ठळक दिसतंय, असं म्हणतायत. ऐकू आलं मला.

हातात फवारा आहे. पांढरा रंग. धुकं करणार — मागचं पुसट करायला आम्ही — मीही केलं असतं —

आज

आभाळ नाही. माथा नाही. छत्री आत्ता होती, आता नाही.

म्हातारा कुणाला तरी बोलावत होता. थांबला.

कागद पांढरा, शाई पांढरी पडत — लिहितो तरी —

ही बोलतेय. भ्यायली आहे, म्हणून जास्तच बोलतेय. म्हणते, लिहिणं सोडा आणि मला धरा. धरलंय गं. धरलंय. स्वेटरची लोकर लागतेय हाताला, पण दिसत — लाल कुठे — तू बोलत राहा, थांबू नकोस, मी आवाजावरून — बोल ना — का थां