साडूचा गेमपॅड

३ जून, मंगळवार
काल हिचा वाढदिवस. मी हेडफोन दिले. माइकवाले, चांगले. ही फिजिओथेरपिस्ट आहे, क्लिनिकचे फोन घ्यायला बरे पडतील असा विचार. साडूने गेमपॅड दिला.

साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. घरात सगळे त्याला राजे म्हणतात. कुठल्या राज्याचे, हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

गेमपॅड म्हणजे दोन्ही हातांत धरायचा खुळखुळा. दोन काड्या, चार बटणं, मध्येच थरथरतो. मी कॉलेजपासून कॉम्प्युटरवर गेम खेळतो आहे. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, पाठ ताठ. याला बैठक म्हणतात. लग्नानंतर हिलाही शिकवायला घेतलं होतं. आठवडाभरात ही म्हणाली की हे टायपिंगच्या परीक्षेसारखं वाटतंय, आणि उठली ती उठलीच. काल खोकं फोडलं आणि चहा निवायच्या आत ही टीव्हीवर शर्यतीची गाडी चालवत होती.

माझ्या मनात काही नाही. वाढदिवसाला माणूस काहीही देऊ शकतो.

५ जून, गुरुवार
ही क्लिनिकमधून आली, हातपाय धुतले, सोफ्यावर मांडी घालून बसली. राजे त्याच्या घरून, ही आमच्या घरून, एकाच रस्त्यावर दोघांच्या गाड्या. मला फक्त हिचं बोलणं ऐकू येतं. अरे थांब ना. अरे मागून येतेय मी. मग हसणं. हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. स्मरणशक्ती कमी होत असावी.

बोलणं मी दिलेल्या हेडफोनवरून चाललं होतं. याचीही नोंद असावी.

कॉम्प्युटर केबलने टीव्हीला जोडलाय, त्यामुळे माझं टेबल रिकामं. मी तिथे जाऊन बसलो. माउसला हात लागला तर टीव्हीवर भर रस्त्यात बाण उगवला. ही म्हणाली, तो बाण काढ. मी म्हणालो, धूळ पुसतोय. तीन-चार वेळा पुसावी लागली.

७ जून, शनिवार
हिच्याशी शर्यत लावली. हिच्याकडे खुळखुळा, माझ्याकडे कीबोर्ड. म्हटलं, अनुभव म्हणजे काय ते एकदा दिसू दे.

माझी गाडी सापासारखी चालली. कारण तांत्रिक आहे. कीबोर्डवर डावीकडचं बटण दाबलं की चाक पूर्ण डावीकडे. सोडलं की पूर्ण सरळ. अधलंमधलं काही नाही. गेमपॅडची काडी मात्र जेवढी ढकलावी तेवढंच वळण.

आता मी स्वतः वजनकाटे तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं: जो काटा एकतर शून्य दाखवतो किंवा एकदम दहा किलो, तो मी पास केला असता का? नसता. मग कीबोर्डची बाजू मी का घेतो? बराच वेळ विचार केला. निष्कर्ष: कीबोर्ड जुना झालाय, बटणं चिकटतात.

ही पुढे निघून गेली आणि शेवटच्या रेषेपाशी माझी वाट बघत थांबली. हे मला जास्त लागलं.

८ जून, रविवार
राजे आणि मेहुणी जेवायला. राजेने नवीन बातमी आणली. बावीस तारखेला जोडी शर्यत आहे, इंटरनेटवर, कुठून कुठून लोक येणार. दोघांत एक गाडी. एकाच सोफ्यावर बसायचं, पहिल्या फेऱ्या एकाने मारायच्या, नंतरच्या दुसऱ्याने. त्याने जोडी म्हणून स्वतःचं आणि हिचं नाव सुचवलं. ही चालेल म्हणाली. एकदाही माझ्याकडे न बघता. (एकदा बघितलं, पण भाजी वाढायला.)

म्हणजे राजे त्या दिवशी आमच्या घरी, आमच्या सोफ्यावर, हिच्या शेजारी.

मी शांतपणे म्हणालो की कुठल्याही संघात निवड चाचणी असते. मी आणि राजे, एकेक गाडी, जो जिंकेल तो हिचा जोडीदार. मेहुणी म्हणाली, भाऊजी, तुम्ही कीबोर्डवर खेळणार? राजे म्हणाला, दादा, कधीही. हे 'कधीही' त्याने ज्या प्रेमाने म्हटलं, तसं तो दात उपटण्याआधी म्हणत असावा.

चाचणी एकवीस तारखेला.

१० जून, मंगळवार
गेमपॅड घेतला. काळा. लॅबच्या बॅगेत, डब्याखाली.

तत्त्व बदललेलं नाही. शत्रूचं हत्यार माहीत असावं, एवढंच.

११ जून, बुधवार
सकाळी ही फिरायला गेली की सराव. पहिल्याच वळणाला गाडी शेतात. दुसऱ्या प्रयत्नात तळ्यात. कॅमेरा एका काडीवर, गाडी दुसऱ्या काडीवर, मी गाडीऐवजी आभाळ वळवत होतो. आभाळ मात्र सफाईने वळलं.

एक चांगलं झालं. एका बटणाला हॉर्न आहे हे सापडलं. राजे हॉर्न कधीच वापरत नाही. इथे तो कमी पडतो.

१३ जून, शुक्रवार
अंगठा सुजला. हिने बघितला, दाबला आणि विचारलं, हे कशाने? मी म्हणालो, लॅबमधली वजनं. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. हिच्याकडे दिवसभर असे अंगठे येतात, बहुतेक दहावी-बारावीच्या मुलांचे. मग पट्टी बांधली आणि उद्याच्या सकाळी विश्रांती घे म्हणाली. सकाळी का, ते मी विचारलं नाही.

नंतर ही गॅलरीत जाऊन फोनवर बोलत होती. हळू. मी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्ताने दारापाशी गेलो. एवढंच ऐकू आलं, "त्याला कळता कामा नये हं." मग पलीकडचं ऐकून ही हसली.

फोन राजेचा होता. मी बघितला नाही, दिसला. कपडे ओलेच होते, तसेच घडी करून ठेवले.

१४ जून, शनिवार
टीव्हीची केबल सैल आहे म्हणून ती घट्ट करायला राजे आला. केबल घट्ट करायला मी असताना दातांचा डॉक्टर का लागावा? मला दुकानातून दूध आणायला पाठवलं. दूध घरात होतं. आलो तर दोघं कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेले, मला बघताच सरळ झाले.

स्वतःला विचारलं: मी संशयी झालोय का? उत्तर: नाही. पुन्हा विचारलं. या वेळी उत्तर यायला वेळ लागला.

संध्याकाळी हिने आपणहून विषय काढला. म्हणाली, तुझा तो काळा गेमपॅड बॅगेत कशाला ठेवतोस, चपाती लागते त्याला. उद्यापासून इथे सोफ्यावर बस, मी शेजारी बसते.

म्हणजे हिला सगळं माहीत होतं. बायकांना सांगावं लागत नाही, हे एक बरं आहे आणि वाईटही.

१५ जून, रविवार
आश्चर्य. गाडी वळली! शेत नाही, तळं नाही. पूर्ण फेरी मारली. ही शेजारी स्वतःचा गेमपॅड घेऊन नुसती बसली होती. म्हणाली, माझा हाताचा व्यायाम चाललाय, तू तुझं खेळ.

विश्रांतीचा परिणाम. अंगठ्याला एक दिवस दिला आणि त्याला समजलं.

१७ जून, मंगळवार
सकाळी एकटाच सराव केला तर गाडी जागची हललीच नाही. हॉर्न तेवढा वाजला. सकाळी हात थंड असतात. संध्याकाळी ही शेजारी येऊन बसली आणि तीच गाडी लोण्यातून सुरी जावी तशी.

यातून एक गोष्ट मला दिसते. सोबत. इतकी वर्षं मी एकट्याने खेळत आलो, तिथेच चूक झाली. हिच्या शेजारी बसलं की माझ्या हातात काहीतरी येतं. हे राजेला कधी साधणार नाही.

हॉर्नचा वापर वाढवलाय. वळणाआधी एक, वळणानंतर एक. समोरचा बिचकतो.

१९ जून, गुरुवार
लॅबमध्ये जेवताना सहकाऱ्यांना गेमपॅड या विषयावर थोडं समजावलं. माउस-कीबोर्ड म्हणजे नुसता हट्ट आहे, काळाबरोबर बदलता आलं पाहिजे, असं सांगितलं. अंगठ्याचा दाब कसा विभागायचा तेही. आमच्या साहेबांनी विचारलं की गेल्या महिन्यात तुम्हीच उलटं सांगत होतात ना? मी म्हणालो, शास्त्रात मतं बदलतात.

२१ जून, शनिवार
निवड चाचणी. राजे स्वतःचा गेमपॅड घेऊन आला. मी माझा काढला. त्याने भुवया वर केल्या. ही आमच्या मध्ये बसली, हातात गेमपॅड. विचारलं तर म्हणाली, नुसता धरलाय, नाहीतर नखं खाईन.

जिंकलो!

शेवटचं वळण मी आतल्या बाजूने असं काही घेतलं की मेहुणी पुस्तकातून वर बघायला लागली. हॉर्न देतच रेषा ओलांडली. राजेने हात मिळवला आणि म्हणाला, दादा, हात बसलाय. माणूस मोठ्या मनाचा आहे हे मान्य करायला हवं. हरल्यावर तसं व्हावंच लागतं.

त्याच्याबद्दल आता काही वाटत नाही. थोडी दया.

२२ जून, रविवार
जोडी शर्यत. राजे आणि मेहुणी बघायला आले. राजेला कोपऱ्यातली खुर्ची दिली. सोफ्यावर आम्ही दोघं. मेहुणीने फुलं आणली आणि ती टीव्हीशेजारी ठेवली. मला फुलांचं वावडं आहे हे या घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

पहिल्या फेऱ्या हिच्या. मीही मधूनमधून हॉर्न देऊन उत्तेजन दिलं. मग माझ्या फेऱ्या. कितीतरी गाड्या मागे टाकल्या. हिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. राजे खुर्चीच्या कडेवर आलेला. या क्षणासाठीच मी गेले पंधरा दिवस जगलो असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

शेवटच्या फेरीत शिंक आली. मग दुसरी. मग एकामागून एक. दोन्ही हात तोंडावर. गेमपॅड मांडीवरून घसरला तो थेट सोफ्याखाली.

डोळे पुसून वर बघितलं. गाडी चालली होती. अवघड वळण घेतलं, ब्रेक योग्य जागी लागला, पुढच्या गाडीला बाहेरून ओलांडलं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होतो. गाडीने रेषा ओलांडली. सातवा नंबर.

कोणी टाळी वाजवली नाही. राजे छताकडे बघत होता. हिचे अंगठे अजून काड्यांवर होते.

मी म्हणालो, फुलं बाहेर ठेवा. मेहुणीने ती बाहेर ठेवली.

२३ जून, सोमवार
आज हिला विचारलं. हिने लपवलं नाही. एका गाडीला दोन गेमपॅड जोडायची सोय असते. राजेने चौदा तारखेला, मी दुधाला गेलो तेव्हा, बसवून दिली. म्हणजे पंधरा तारखेपासून जे काही वळलं ते हिने वळवलं. चाचणीतही. राजेला हरवलं ते हिने. ते राजेलाही माहीत होतं, म्हणून हात मिळवताना तो माझ्याकडे बघत होता आणि बोलत हिच्याशी होता. हे मला आत्ता आठवलं.

मी विचारलं, का? मला वाटलं, कीव आली म्हणेल. त्याची तयारी केली होती.

ही म्हणाली, "तू कायम त्या टेबलापाशी असतोस. लग्न झाल्यापासून मी संध्याकाळी तुझी पाठ बघतेय. आता कुठे शेजारी येऊन बसशील असं वाटलं. तुला तळ्यातून बाहेर काढण्यासाठी मी राजेला फोन करणार नाही तर काय?"

मी माणूस तपशिलाचा. म्हणून विचारलं, सगळंच तुझ्याकडे होतं, की काही माझ्याकडेही होतं?

ही म्हणाली, "हॉर्न तुझ्याकडे होता."

स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, वेग नाही. हॉर्न. तोही हिने आपणहून ठेवलेला नाही. राजेने सुचवलं, दादांना काहीतरी ठेवा, नाहीतर त्यांना लगेच कळेल.

मागची पानं वाचायला घेतली. 'अंगठ्याला समजलं' पर्यंत आलो आणि मिटली. लॅबमध्ये साहेबांना काय सांगायचं, त्याचा विचार उद्या.

एक गोष्ट मात्र कोणी नाकारू शकणार नाही, राजेही नाही. हॉर्न वेळेवर वाजत होता.

संध्याकाळी ही खेळायला बसली. मी टेबलापाशी गेलो, माउसवर हात ठेवला, टीव्हीवर बाण आला. ही नुसती जराशी सरकली. मग उठलो, सोफ्याखालून माझा गेमपॅड काढला, धूळ पुसली आणि तिथे जाऊन बसलो.

पहिलं वळण आलं. हॉर्न दिला.