दारावरचं नाव

प्रिय आई,

पत्र लिहायचं रोज पुढे ढकलत होतो, रागावू नकोस. पोटभर जेवतो, फक्त इथल्या बीन्सना तुझ्या हातची चव नाही. गुडघा कसा आहे?

तुझी जुनी रेसची गाडी फ्रेस्नोतल्या एका गॅरेजात सापडली. तिथेच रंगकामाला लागलोय. मालक हार्लनची मात्र शिसारी येते. त्याचा हुकूम आहे, तू जिंकलेल्या शर्यती गाडीच्या दारावर लिहायच्या आणि चालक म्हणून त्याच्या काकाचं नाव. म्हणतो, "बाई चालवायची, हे कुणाला पटणार, पोरा?" मी तुझा मुलगा हे त्याला ठाऊक नाही. ब्रश हातात आहे, नाव लिहवत नाही.

थांब, काठी टेकत ड्यूई स्ट्राउड आलाय, शर्यतीत तुझ्याकडून कायम हरणारा. हार्लनला विचारतोय, "दर रविवारी मला धूळ चारणाऱ्या बाईचं नाव कुठंय रे?"

तुझा भटक्या,
रॉस