तारा उलटवणारा इसम

३ मार्च
वस्तुस्थिती क्रमाने नोंदवतो. प्रथम: गॅरेजमधील विमान मी एकट्याने, ड्रॉइंगबरहुकूम बांधले आहे. द्वितीय: आज आसनात बसून पंखांच्या तारा मीच जोडल्या. कंट्रोल स्टिक डावीकडे नेली की डाव्या पंखाची मागची पट्टी वर उठते आणि विमान डावीकडे कलते. निर्दोष. तृतीय: वीस तारखेला तपासनीस येणार. त्याने परवानगी नाकारली तर विमान वर्षभर गॅरेजमध्येच. चतुर्थ: गॅरेजची दुसरी किल्ली मेहुण्याकडे आहे.

६ मार्च
मेहुण्याला आत बसवून स्वतः विमानाच्या नाकासमोर उभा राहिलो. पाहणी नेहमी अंतरावरून करावी. स्टिक डावीकडे घे म्हणालो. माझ्या डाव्या हाताची पट्टी खाली गेली! तारा उलट्या! मेहुणा म्हणतो, भावोजी, मी फक्त झाडू मारला हो. झाडू मारण्याची ही हौस इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. तारा आपसांत बदलून घेतल्या.

९ मार्च, सकाळ
आसनात बसून खात्री केली. पुन्हा उलट्या! हा सरळसरळ घातपात आहे. तारा बदलल्या. कुलूपही बदलले. दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात.

१२ मार्च
मेहुणा आसनात, मी नाकासमोर. उलट्या! कुलूप शाबूत. उंबऱ्यावर मुद्दाम पसरलेल्या पावडरीवर एकही पाऊल नाही. म्हणजे इसम साधा नाही. पत्नीला पुरावा दाखवला. ती म्हणाली, अहो, त्याला पावडरीवरून तरंगत जाता येत असतं तर विमान कशाला लागलं असतं? माहेरची बाजू घेणे आलेच. तारा बदलल्या. मेहुण्याला काय ते स्पष्ट सुनावले. पुन्हा तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही, असे म्हणून तो गेला. जाताना झाडू मात्र जागेवर ठेवला. संशयास्पद टापटीप.

१६ मार्च
मेहुणा नाही म्हणून पत्नीला आसनात बसवले. मी नाकासमोर. स्टिक डावीकडे, माझ्या डाव्या हाताची पट्टी वर! मेहुणा गेला आणि तारा वळणावर आल्या. याहून मोठा पुरावा कोणता? पत्नी आतून ओरडली, अहो, पण इकडे माझ्या डावीकडची खाली गेलीय! तिला सांगितले, तू फक्त बसली आहेस, पाहणी मी करतो आहे.

यापुढे आसनात बसून तपासणे बंद. जवळून माणसाची फसगत होते.

२० मार्च
तपासनीस आला. माझे विवेचन अर्धवट ऐकून थेट आसनात चढला. स्टिक डावीकडे, मान डावीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाला, साहेब, यात डावीकडे वळायला जाल आणि उजवीकडे आपटाल. तारा कोणी जोडल्या? मी सत्य तेच सांगितले: दिवसा मी.

परवानगी नाकारली. पुढची तपासणी वर्षभराने. पत्नीने तिथल्या तिथे भावाला फोन लावला, आता ये रे म्हणाली, आणि दोघे बराच वेळ हसत होते. कट उघड आहे.

दुपारी तपासनीसाच्या कार्यालयास पत्र धाडले. विमानाचा डावा पंख कोणता, हे माणसाने नेमके कुठे उभे राहून ठरवायचे, याविषयी आपल्या नियमावलीत एक अक्षरही नाही. या अक्षम्य त्रुटीचा खुलासा सात दिवसांत व्हावा. तोंडी उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही, लेखीच द्यावे.